हलक्या चाकाचा विचार

हल्लीं आमच्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यांत ‘अलॉय व्हील’ हा शब्द वारंवार कानीं पडूं लागला आहे. घरीं मोटार आली, मग ती नवी असो वा कोणाची वापरलेली असो, कीं मुलांचा पहिला आग्रह होतो तो मूळचीं पोलादी चाकें काढून त्यांच्या जागीं मोठीं, चकचकीत चाकें बसविण्याचा. मुलें म्हणतात, “हलक्या चाकांनीं गाडी पळते.” वडील माणसें म्हणतात, “हा सारा थाटमाट आहे. पैसे काय झाडाला लागतात?” आमच्या मतें दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत सत्याचा अंश आहे, परंतु दोन्ही पक्ष तो अंश बाजूस ठेवून भलत्याच गोष्टीवर भांडत असतात. चाक हलकें असावें, हें मुलांचें म्हणणें शास्त्रास धरून आहे. आणि बाजारांत हलकें म्हणून जें विकलें जातें तें पुष्कळदां थाटापलीकडे कांहीं नसतें, हा वडिलांचा संशयही अगदीं निराधार नाहीं. म्हणून या प्रश्नाचा थोडा शास्त्रीय व थोडा व्यावहारिक विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हलक्या चाकाचें महत्त्व आमच्या भागास नवें नाहीं. धान घरांत आलें, कीं गोंदिया व भंडारा जिल्ह्यांच्या गांवोगांवीं शंकरपट भरतात. ७ मे १९१४ नव्हे, तर अगदीं अलीकडे, ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें ह्या शर्यती थांबल्या होत्या. १६ डिसेंबर २०२१ रोजीं त्यांस सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें राज्याचा कायदा ग्राह्य धरिला. ज्यांनीं पट पाहिला आहे त्यांस हें सांगावयास नको कीं, धानाचीं पोतीं वाहणारी बंडी कोणी पटांत उतरवीत नाहीं. तेथें छकडा लागतो, आणि तो होईल तितका हलका असावा लागतो. ज्या शेतकऱ्यानें पदार्थविज्ञानाचें एकही पुस्तक उघडलेलें नाहीं, त्यासही हें पक्कें ठाऊक असतें कीं, बैलाचें बळ जड लांकूड फिरविण्यांत खर्चूं नये.

इतिहासाची साक्षही अशीच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यांतील दायमाबाद येथें १९७४ सालीं कांशाचा एक लहानसा रथ सांपडला. दोन बैल जुंपलेल्या त्या रथाचीं चाकें भरीव आहेत. पुढें मनुष्यानें भरीव चाकांतील अनावश्यक भाग काढून टाकिला, मध्यें तुंबा व कडेस पाटे ठेवून त्यांस आऱ्यांनीं जोडिलें, आणि चाक हलकें असूनही भक्कम राहिलें. मोटारीच्या बाबतींत हाच विचार १९२४ सालीं ‘बुगाटी’च्या पस्तीस क्रमांकाच्या शर्यतीच्या गाडींत प्रगट झाला. त्या गाडीस ॲल्युमिनियमचीं ओतीव चाकें होतीं आणि ब्रेकचा ड्रम चाकाशींच एकजीव केलेला होता. सारांश, आज आमचे विद्यार्थी ज्या वस्तूस नवी म्हणून नांवाजतात तिला शंभर वर्षें होऊन गेलीं आहेत.

आतां हलक्या चाकानें नेमका लाभ काय होतो तें पाहूं. ज्यांस प्रयोग करून पाहण्याची हौस आहे त्यांनीं एक पाटी किंचित् उतरती धरावी आणि तिच्या वरच्या कडेपासून एक धातूची बांगडी व एक जाड नाणें एकाच वेळीं घरंगळत सोडावें. नाणें नेहमीं आधीं खालीं पोंचेल. बांगडी जड घ्या वा हलकी घ्या, निकाल बदलत नाहीं. याचें कारण असें कीं, बांगडीचें सारें वजन कडेस असतें. घरंगळतांना तिच्या एकंदर शक्तीपैकीं निम्मी शक्ति स्वतःभोंवतीं फिरण्यांत खर्च होते व निम्मीच पुढें जाण्यास उरते. नाण्याचें वजन मध्यापासून कडेपर्यंत सारखें पसरलेलें असल्यामुळें त्याची एकतृतीयांश शक्तिच फिरण्यांत जाते. मोटारीच्या चाकासही हाच नियम लागू आहे. मोटारींत ठेविलेलें धान्याचें पोतें फक्त पुढें न्यावें लागतें. चाकाची कड मात्र पुढेंही न्यावी लागते आणि फिरवावीही लागते. म्हणून चाकाच्या अगदीं कडेस असलेलें एक किलो वजन, गति वाढवितांना व कमी करितांना, पोत्यांतील दोन किलोंसारखें वाटतें.

येथेंच एका भ्रमाचें निरसन केलें पाहिजे. चाकांतील एक किलो म्हणजे गाडींतील दहा किलो, असें दुकानांत छातीठोकपणें सांगितलें जातें. वरील हिशेबानें तें दोन किलोंच्या पलीकडे जाऊंच शकत नाहीं. आणि चाकाचें कांहीं वजन तुंब्याजवळ असल्यामुळें प्रत्यक्षांत तें दोहोंहूनही कमीच भरतें. समजा, माणसांसह १२०० किलो वजनाची एक मोटार आहे आणि तिचें प्रत्येक चाक आपण २ किलोंनीं हलकें केलें. एकंदर ८ किलो कमी झाले. ते फार तर १६ किलोंसारखे वाटतील. १२०० मध्यें १६ म्हणजे शेंकडा सव्वाच्या आसपास. थांबलेल्या स्थितींतून ताशीं १०० किलोमीटरचा वेग गांठावयास ज्या गाडीस १५ सेकंद लागत होते, तीस आतां सुमारें पांचव्या हिश्श्याइतका सेकंद कमी लागेल. गोंदियाहून आमगांवास जाणाऱ्या गृहस्थास ह्या पांचव्या हिश्श्याचा कितपत उपयोग आहे, तें त्यानेंच ठरवावें.

मग हलक्या चाकाची एवढी महती कशासाठीं? आमचें उत्तर असें कीं, त्याचा खरा लाभ वेगांत नसून ताब्यांत आहे. बंडीस स्प्रिंग नसते. म्हणून वाटेंतील प्रत्येक गोट्याचा धक्का थेट बसणाऱ्याच्या पाठीस लागतो. मोटारीचें अंग स्प्रिंगांवर तोललेलें असतें. परंतु चाक, टायर, ब्रेक व त्यांस धरून ठेवणारे कांहीं भाग हे स्प्रिंगच्या खालीं राहतात. खड्डा वा उंचवटा आला, कीं हें खालचें वजन उसळतें आणि त्यास पुन्हा रस्त्यावर दाबून आणण्याचें काम स्प्रिंग व शॉकअॅब्सॉर्बर यांस करावें लागतें. चाक जितकें जड, तितका तें परत टेकण्यास विलंब अधिक. आणि ज्या क्षणीं चाक रस्त्यास नीट टेकलेलें नसतें, त्या क्षणीं ब्रेक आणि सुकाणू दोन्हीही दुबळीं होतात. एका चाकाकडील हें खालचें वजन ३५ किलो धरिलें, तर २ किलो वांचविल्यानें तें जवळजवळ शेंकडा ६ नें कमी होतें. संबंध गाडीच्या मानानें पाहिलें तर तीच बचत शेंकडा एकही भरत नाहीं. बचत एकच, पण ज्या ठिकाणीं ती झाली, त्या ठिकाणीं तिची किंमत वाढली. देवरीच्या महामार्गावर एकाएकीं गुरें आडवीं आलीं, किंवा नवेगांवबांधच्या वाटेवर वळणावरच रस्ता उखडलेला निघाला, तर चालकाचा जीव ज्यावर अवलंबून राहतो तें हेंच टेकून राहणें होय. म्हणून मुलांनीं वडिलांस पटवावयाचेंच असेल, तर वेगाची गोष्ट सोडून द्यावी आणि ही गोष्ट सांगावी.

यावर विद्यार्थी म्हणतील, “मग अलॉय चाकें घ्यावींच!” येथें थोडें थांबलें पाहिजे, कारण ‘अलॉय’ आणि ‘हलकें’ हे दोन शब्द समानार्थी नाहींत. पोलाद पाण्याच्या सुमारें ७.८ पट जड असतें व ॲल्युमिनियम २.७ पट. हे आंकडे पाहून वाटतें कीं, ॲल्युमिनियमचें चाक पोलादी चाकाच्या एकतृतीयांश वजनाचें असेल. परंतु ॲल्युमिनियमचा ताठपणाही पोलादाच्या सुमारें एकतृतीयांशच असतो. म्हणून तें जाड करावें लागतें, आणि जाडी वाढली, कीं वांचलेल्या वजनाचा बराच भाग पुन्हा परत येतो. साधें ओतीव अलॉय चाक पुष्कळदां त्याच मापाच्या पोलादी चाकाहून थोडेंच हलकें असतें. कधीं कधीं तर बरोबरीचेंही भरतें.

चाक कसें घडविलें आहे यावर बरेंच कांहीं अवलंबून असतें. शेजारच्या भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांची कीर्ति आपणां सर्वांस ठाऊक आहे. तेव्हां ओतीव व घडीव यांतील भेद येथें फोड करून सांगण्याची गरज नाहीं. चाकासाठीं ॲल्युमिनियमांत शेंकडा सातच्या आसपास सिलिकॉन व किंचित् मॅग्नेशियम मिसळून तो रस सांच्यांत ओततात. हें ओतीव चाक. प्रचंड दाबाखालीं धातूचा ठोकळा दाबून जें करितात तें घडीव चाक; त्याचे कण घट्ट बसतात, म्हणून तें पातळ ठेवितां येतें व खरोखर हलकें होतें; परंतु त्याची किंमतही तशीच भारी असते. या दोहोंच्या मध्यें एक तिसरी रीति आहे. तींत आधीं चाक ओततात आणि मग त्याची कड तापवून, रुळांखालीं फिरवून पातळ व मजबूत करितात. ज्यांस खरें हलकें चाक हवें आहे, परंतु घडीव चाक परवडत नाहीं, त्यांनीं ह्या तिसऱ्या प्रकाराची चौकशी करावी.

आतां मापाचा प्रश्न. आमच्या मतें सारा घोटाळा येथेंच होतो. मुलांस चाक हलकें हवें असतें असें तीं म्हणतात. प्रत्यक्षांत मात्र तीं मोठें चाक पसंत करितात. समजा, एका गाडीस १५ इंचांची रिम व १८५/६५ मापाचा टायर आहे. १८५ मिलिमीटर रुंदीच्या शेंकडा ६५ म्हणजे सुमारें १२० मिलिमीटर उंचीची रबरी भिंत रिमच्या कडेस आहे. तेथें १७ इंचांची रिम व २०५/४५ चा टायर बसविला, तर ती भिंत ९२ मिलिमीटरच राहते. चाकाची बाहेरची उंची जवळपास तीच राहिली. पण २८ मिलिमीटर रबर व हवा जाऊन त्या जागीं धातु आला. म्हणजे एक तर वजन वाढलें, दुसरें तें कडेकडे सरकलें, आणि तिसरें, खड्ड्याचा आघात झेलणारी गादी पातळ झाली. बांगडी व नाणें यांच्या प्रयोगांतून जें शिकलों त्याच्या अगदीं उलट हें कृत्य झालें. जगांतील अत्यंत वेगवान गाड्यांसही हा नियम चुकलेला नाहीं. ‘फॉर्म्युला वन’च्या शर्यतींत २०२१ सालापर्यंत १३ इंचांचीं चाकें असत, २०२२ पासून तीं १८ इंचांचीं झालीं, आणि चाकें व टायर पूर्वींहून जड झाले. उलटपक्षीं, २००९ सालीं टाटांनीं ‘नॅनो’ गाडी काढिली तेव्हां तिला १२ इंचांचीं चाकें दिलीं व प्रत्येक चाक तीनच नटांवर बसविलें. त्या गाडीचें पुढें कांहींही झालें असो. जेवढें लागतें तेवढेंच ठेवावें, ही तिच्या रचनेमागील दृष्टि विद्यार्थ्यांनीं अभ्यासावी अशीच होती. नाकापेक्षां मोती जड झाला, तर तो अलंकार राहत नाहीं.

आमच्या जिल्ह्याचे रस्ते लक्षांत घेतां आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पावसाळ्यांत खड्ड्यावर पाणी सांचलें, कीं त्याची खोली दिसत नाहीं. अशा खड्ड्यांत पोलादी रिम आदळली तर ती वांकते, आणि वांकलेली रिम बहुधा ठोकून सरळ करितां येते. ओतीव अलॉय रिम वांकण्याऐवजीं तडकण्याचा संभव अधिक असतो. तडकलेली रिम वेल्डिंग करून देणारे कारागीर ठिकठिकाणीं भेटतात. परंतु लोहार ज्याप्रमाणें विळ्यास पाणी देतो, त्याप्रमाणें ह्या चाकांसही कारखान्यांत मोजून मापून उष्णता दिलेली असते, आणि वेल्डिंगच्या आंचेनें तो संस्कार त्या जागीं नाहींसा होतो. वरून पॉलिश केलें, कीं डोळ्यांस कांहीं दिसत नाहीं. म्हणून आमचें स्पष्ट मत आहे कीं, तडा गेलेलें अलॉय चाक पुन्हा रस्त्यावर आणूं नये, आणि वापरलेलें अलॉय चाक स्वस्त मिळतें म्हणून घेऊं नये. ज्या गाडीस रोज खेड्यापाड्यांतून जावें लागतें, तिच्या मालकानें मूळचीं पोलादी चाकेंच ठेविलीं, तर त्यांत कांहीं कमीपणा नाहीं.

तथापि ज्यांस चाक बदलावयाचेंच आहे त्यांनीं पुढील गोष्टी पाळाव्या. पहिली ही कीं, दुकानदाराच्या शब्दावर न जातां चाक काट्यावर ठेवावें. आमचें शहर भातगिरण्यांचें आहे. येथें काट्यांची वाण नाहीं. जुनें चाक व नवें चाक दोन्ही तोलावीं; फरक पदरांत पडत नसेल, तर खरेदीचें कारणच उरत नाहीं. टायरही तोलावा, कारण तो चाकाच्या अगदीं बाहेरच्या कडेस असतो व त्याच्या वजनाचा भार सर्वांत अधिक जाणवतो. दुसरी गोष्ट, रिमचा व्यास मूळचाच ठेवावा. तिसरी, चाकावर भार किती चालतो याचा आंकडा व कसोटीची खूण पाहावी. जपानी ‘जेडब्ल्यूएल’ खुणेसाठीं चाकास वांकविण्याच्या, भाराच्या व आघाताच्या कसोट्यांतून जावें लागतें. आपल्या देशांतही अलॉय चाकांसाठीं मानकें ठरविलेलीं आहेत, आणि १९६६ पासून पुण्यास असलेली ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था वाहनांच्या अशा परीक्षणाचें काम करीत आली आहे. ज्या चाकावर कसलीही खूण नाहीं तें कितीही सुंदर असो, त्यावर आपलीं मुलेंबाळें बसवूं नयेत. चौथी, नटांच्या भोंकांचें अंतर, मधल्या भोंकाचें माप व चाक बाहेर किती निघतें हीं तिन्ही मापें मूळ चाकाशीं जुळलीं पाहिजेत. चाक फार बाहेर आलें, तर बेअरिंगवर नसता ताण पडतो. पांचवी, नट समोरासमोरचे आळीपाळीनें आवळावे, आणि शेंभर किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा तपासून घ्यावे.

कायद्याचाही विचार केला पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वयें वाहनाच्या मूळ नोंदीशीं विसंगत होईल असा बदल मालकास मन मानेल तसा करितां येत नाहीं. तसेंच १९८८ च्या ह्याच कायद्यास २०१९ सालीं जी दुरुस्ती झाली, तिच्या अन्वयें अल्पवयी मुलाच्या हातीं वाहन देऊन अपराध घडल्यास पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. चाकाच्या वजनाची चर्चा करणाऱ्या कित्येक घरांत ही गोष्ट मात्र कोणी काढीत नाहीं, याचें आम्हांस आश्चर्य वाटतें.

पालकांस आमची एक विनंति आहे. मुलानें चाकाचा विषय काढिला, कीं ‘उधळेपणा’ म्हणून त्याचें तोंड बंद करूं नये. त्याच्या त्या हट्टाच्या पोटीं यंत्रशास्त्राची आवड लपलेली असूं शकते. त्यास विचारावें, “तुझें चाक किती किलोंचें? आपलें किती? फरकानें ब्रेक किती सुधारेल?” उत्तर शोधतांना तो जें शिकेल, तें फुकट जाणार नाहीं. पण त्याच वेळीं घरच्या गाडीचे टायर गुळगुळीत झाले आहेत काय, हेंही त्यास पाहावयास सांगावें. टायरची नक्षी झिजलेली, हवा कमी, ब्रेकचे पॅड संपत आलेले, आणि चाकें मात्र हप्त्यानें घेतलेलीं, असा प्रकार आमच्या पाहण्यांत अनेकदां येतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथें पैशापुरतीच खरी नाहीं. जी रक्कम चार मोठ्या चाकांस लागते तींत चार चांगले टायर येतात. आणि ओल्या रस्त्यावर गाडी थांबविण्याचें काम अखेर टायरच करितो.

विद्यार्थिमित्रांनो, मोटार चालविण्यास तुम्हांस अजून अवकाश आहे. परंतु तुमच्यापैकीं बहुतेकांपाशीं सायकल आहे. जुन्या काळ्या सायकलीचें चाक एकदां नीट न्याहाळून पाहा. पुढें ३२ व मागें ४० बारीक तारा. त्यांतील एकेक तार हातानें वांकेल इतकी नाजूक. तरी सर्व तारा सारख्या ताणल्या असतां तें चाक आपल्या वजनाच्या कितीतरी पट भार सहज वाहून नेतें. हलकेपणा आणि बळकटी एकत्र कशीं नांदतात, याचा याहून चांगला धडा कोणत्याही दुकानांत मिळणार नाहीं. या सुटींत त्या चाकाची डुग काढा, सैल तारा आवळा, हवा बरोबर भरा, आणि तीच सायकल आधीं व नंतर चालवून पाहा. जो फरक तुमच्या पायांस जाणवेल तो वहींत लिहून ठेवा. पुढें कधीं स्वतःच्या कमाईनें मोटार घ्याल आणि चाक निवडण्याची वेळ येईल, त्या दिवशीं ती वही उपयोगी पडेल.